सोनं धुऊन काढणारी नदी

मिडास राजाला मुलगी नव्हती.

निदान ज्या कवीमुळे त्याची गोष्ट जगभर पोचली, त्या ओव्हिडच्या काव्यात तरी ती नाही. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत मात्र ती असतेच. बाबांच्या गळ्यात पडायला धावत येते आणि क्षणात पिवळ्या धातूची बाहुली होऊन उभी राहते. ही मुलगी नॅथॅनियल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची. १८५१ साली त्याने मुलांसाठी ग्रीक कथा नव्याने सांगितल्या, तेव्हा मिडासच्या घरात ही लेक आणून ठेवली आणि तिचं नाव ठेवलं मेरीगोल्ड. म्हणजे आपल्याकडे झेंडू म्हटल्यासारखंच. तेव्हापासून मिडासची लेक जिथे जिथे भेटते, मग ती कोणत्याही भाषेत असो, ती गोष्ट हॉथॉर्नच्या वंशातली समजावी.

हॉथॉर्नने एक पात्र दिलं आणि एक काढूनही घेतलं, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याचा मिडास बागेच्या टोकाशी वाहणाऱ्या एका नदीत उडी घेतो, घागर भरून आणतो, लेकीवर पाणी शिंपडतो. या नदीला नाव नाही. ओव्हिडकडे तिला नाव आहे, नावाबरोबर पत्ताही आहे. देव मिडासला सांगतो, सार्डिस शहराजवळच्या नदीवर जा, काठाकाठाने प्रवाहाच्या उलट दिशेने चढत राहा, उगमापर्यंत पोच आणि पाणी जिथे फेसाळत बाहेर पडतं तिथे डोकं घाल. मिडास तसं करतो. हातातली ती सोनेरी विद्या पाण्यात उतरते, आणि काठावरच्या शेतांतली ढेकळं आजही पिवळी दिसतात ती त्यामुळेच, असं कवी म्हणतो.

ती नदी म्हणजे पॅक्टोलस. पुढची सगळी पानं तिच्याविषयी आहेत.

आधी तिचा भूगोल सांगून टाकतो, कारण तो थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेला, इझमीरपासून आत, बोझदाग नावाचा डोंगर आहे. उंची २,१०० मीटरच्या वर. ग्रीक लोक त्याला त्मोलस म्हणत. त्याच्या उत्तर उतारावरून एक ओढा खाली येतो, सार्डिसच्या अवशेषांना वळसा घालतो आणि मैदानात गेदिझ नदीला मिळतो. गेदिझ म्हणजे जुनी हर्मस. ओढ्याला आता सार्त चाय म्हणतात. ‘सार्त’ हे ‘सार्डिस’चंच झिजलेलं रूप, आणि चाय म्हणजे ओढा, आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही. नकाशा पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया निराशेची होते. एवढंसं पाणी, आणि एवढं नाव! पण आपल्याकडेही कितीतरी तीर्थं अशी आहेत, ज्यांची महती पात्राच्या रुंदीवर ठरलेली नाही.

नकाशा पाहिल्यावर दुसरी शंका येते, आणि ती अधिक मोलाची आहे. मिडास हा फ्रिजियाचा राजा. फ्रिजियाची राजधानी गॉर्डियन; ती आजच्या अंकाराच्या नैर्ऋत्येला, साकार्या नदीच्या खोऱ्यात. पॅक्टोलस वाहते ती लिडियात, पार पश्चिमेला. आपल्या दारात नदी असताना या राजाने परक्या मुलुखात जाऊन आंघोळ का करावी? माझा समज असा की गोष्ट उलट्या बाजूने रचली गेली. लिडियातल्या ओढ्यात सोनं सापडतं हे लोकांना आधी ठाऊक होतं. ते आलं कुठून, याला उत्तर हवं होतं. तेव्हा शेजारच्या जुन्या, दंतकथा बनून गेलेल्या राजाला तिथवर चालवत आणलं गेलं.

हा राजा नुसता कल्पनेतला नव्हता. असिरियाचा सम्राट दुसरा सार्गोन याच्या लेखांत, इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस, मुश्की लोकांचा राजा ‘मिता’ येतो. तोच मिडास, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गॉर्डियनला ५३ मीटर उंचीचं एक प्रचंड समाधी-टेकाड आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रॉडनी यंग यांनी १९५७ साली ते उघडलं. आत लाकडी दालन होतं, त्यात एका साठीतल्या पुरुषाचा सांगाडा, कोरीव कामाची लाकडी मेजं, शंभराहून जास्त कांस्याची भांडी आणि त्यांच्या तळाशी मेजवानीच्या मद्याची पुटं. ही समाधी मिडासची नसून बहुधा त्याच्या वडिलांची, असं आता समजलं जातं. पण कुणाचीही असो, त्या दालनात सोनं सापडलं नाही. गुंजभरसुद्धा नाही.

मिडासच्या वराची गोष्ट मराठी वाचकाला ऐकताना नकळत परिसाची आठवण होते. दोघांत एक फरक आहे. परीस फक्त लोखंडाचं सोनं करतो. ज्याच्या घरी परीस आहे त्याला निदान भाकरी खाता येते, पाणी पिता येतं, मुलांना कुशीत घेता येतं. मिडासच्या हाताला अशी कुंपणाची काठी नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये हीच गोष्ट पैशाच्या चर्चेत वापरली आहे: ज्या संपत्तीचे ढीग असूनही माणूस उपाशी मरू शकतो, तिला संपत्ती म्हणायचं कसं? तिथेही मुलगी नाही. तिथे नुसती भूक आहे, आणि मला ती भूक जास्त खरी वाटते.

आता नदीकडे. सराफ कट्ट्याजवळ ज्यांचं लहानपण गेलं असेल त्यांनी झारेकरी पाहिले असतील. दुकानं उघडण्याआधी, दिवस पुरता वर येण्याच्या आत, ही माणसं सोनारांच्या पेढीसमोरचा केर, गटारातला गाळ, भट्टीतली राख गोळा करत. तो गाळ पसरट भांड्यात घेऊन पाण्याखाली गोल गोल फिरवायचा. हलकी माती वर येऊन वाहून जाते, जड ते तळाशी बसतं. त्या काळपट तळात एक-दोन पिवळे ठिपके चमकले की दिवस सत्कारणी. सोनं वाळूच्या सातपट जड असतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पॅक्टोलसच्या काठी अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी जे चालत होतं ते यापेक्षा वेगळं नव्हतं. त्मोलसच्या खडकांत सोन्याचे बारीक कण आहेत. पावसाने खडक झिजायचा, कण ओढ्यात यायचे, वळणावर जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथे गाळात बसायचे. माणसं तो गाळ धुवायची. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशसच्या पायथ्याशी, लोक प्रवाहात मेंढीची लोकरी कातडी पसरून त्यात सोन्याचे कण अडकवत, असं भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, आणि जेसनच्या सोनेरी लोकरीची गोष्ट त्यातूनच आली असावी असंही सुचवतो.

इथे मला या नदीच्या कथेची सगळ्यात आवडती गोष्ट सापडली. लिडियाची माणसं नदीवर जात होती ती सोनं मिळवायला. मिडास गेला तो सोनं घालवायला. क्रिया तीच: पाण्यात हात घालणं, धुणं. या दोन्ही कहाण्या एकाच काठावर शेजारी शेजारी सांगितल्या गेल्या आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस हा तसा नवलाच्या गोष्टींचा भुकेला माणूस. पण लिडियाबद्दल तो म्हणतो की या देशात सांगण्यासारखं फारसं काही नाही, एक त्मोलसवरून वाहून येणारी सोन्याची धूळ सोडली तर. दुसरीकडे तो सांगतो की पॅक्टोलस सार्डिसच्या भर बाजारातून वाहायची. हा उल्लेख आगीच्या वर्णनात येतो. इसवी सनापूर्वी ४९८ च्या सुमारास बंडखोर ग्रीकांनी सार्डिसवर हल्ला केला. घरं बोरूच्या काड्यांची, आणि विटांची होती त्यांचीही छपरं काड्यांचीच. एका सैनिकाने एका घराला आग लावली आणि सगळं शहर पेटलं. बाहेर पडायला वाट नाही म्हणून लोक बाजारात, नदीच्या दोन्ही काठांवर जमले. सोन्याच्या नदीचं जिवंत माणसांनी भरलेलं हे प्राचीन साहित्यातलं सगळ्यात स्पष्ट चित्र, आणि त्यात सोन्याकडे कुणाचं लक्ष नाही.

लिडियन लोकांबद्दल हिरोडोटसने आणखी एक वाक्य लिहून ठेवलं आहे, ज्यावर ग्रंथच्या ग्रंथ झाले: सोन्याचांदीची नाणी पाडून वापरणारे आपल्या माहितीतले पहिले लोक हेच, आणि किरकोळ दुकानदारी करणारेही पहिले हेच. एफिससला आर्टेमिसच्या मंदिराखाली ब्रिटिश म्युझियमच्या डेव्हिड होगार्थ यांनी १९०४-०५ मध्ये खोदकाम केलं, तेव्हा पायाजवळ अगदी आरंभीच्या काळातली नाणी मिळाली. ही नाणी शुद्ध सोन्याची नाहीत. सोनं आणि चांदी यांच्या मिश्रणाची, ज्याला इलेक्ट्रम म्हणतात. हिरोडोटस त्याला पांढरं सोनं म्हणतो.

या मिश्रणाशी थोडं थांबायला हवं, कारण पॅक्टोलसचं खरं कर्तृत्व इथे दडलं आहे. नदीत मिळणाऱ्या सोन्यात चांदी असतेच, पण किती, ते प्रत्येक कणागणिक वेगळं. तुमच्या हातात एक पिवळट गोळी आहे. तिच्यात बारा आणे सोनं की चौदा आणे, हे नुसतं वजन करून कळायचं नाही. मग व्यवहार कसा व्हायचा? प्रत्येक वेळी घासाघीस, प्रत्येक वेळी संशय. राजाने त्यावर तोड काढली: ठरलेल्या वजनाचे गोळे करायचे आणि वर सिंहाचं तोंड उमटवायचं. आत काय आहे ते विचारू नका, सिंह जबाबदार आहे. ही मांडणी सगळ्याच अभ्यासकांना मान्य नाही. नाणं सैनिकांच्या पगारासाठी जन्मलं असंही म्हणणारे आहेत. शिवाय या सिंहाच्या जबाबदारीत एक मेख आहे. तपासणीत असं दिसतं की लिडियाच्या बऱ्याच नाण्यांत सोनं ५५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे नदीच्या कच्च्या सोन्यापेक्षा कमी. टांकसाळीत वरून चांदी घातली जात होती. राज्याची नाममुद्रा आणि राज्याचा नफा ही जुळी भावंडं आहेत, असं मी म्हटलं तर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी रागावू नये.

याच परिसराने जगाला आणखी एक वस्तू दिली, आणि ती आपल्या प्रत्येक सोनाराच्या पेटीत आहे. ग्रीक लोक कसोटीला लिडियाचा दगड म्हणत. वनस्पती आणि दगडांवर लिहिणारा थिओफ्रास्टस हा अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य. तो सांगतो की हे दगड त्मोलस नदीत सापडतात (डोंगराचंच नाव तो नदीला देतो), गुळगुळीत आणि चपटे असतात, आणि त्यांची उन्हाकडे असलेली बाजू कस लावायला चांगली, कारण खालची बाजू ओलसर राहते. हे वाचताना मला आमच्या सोनारकाकांची आठवण झाली. काळ्या दगडावर अंगठी घासायची, शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढायची, डोळे बारीक करून दोन्ही पाहायच्या आणि मग काहीही न बोलता मान हलवायची. कस हा शब्द संस्कृत ‘कष’पासून, घासण्यापासून आला. कसोटी लागणं, कस लागणं, बावनकशी सोनं, कसदार लेखन: मराठीने या एका दगडावर किती शब्द घासून पाहिले आहेत! लिडियाचा दगड ग्रीकांच्याही बोलण्यात माणसाच्या परीक्षेचं रूपक झाला. दोन्हीकडे रूपक आपापलं जन्मलं असणार. दगड सारखा, माणूस सारखा, त्यामुळे रूपकही सारखं.

लिडियाचा राजा क्रीसस याच्याबद्दल मी या पुस्तकात फार लिहिलेलं नाही. इतरांनी भरपूर लिहिलं आहे. इसवी सनापूर्वी ५६० च्या सुमारास तो गादीवर आला आणि पंधरा वर्षांच्या आत पर्शियाच्या सायरसने त्याचं राज्य घेतलं. सोलोनने त्याला दिलेला उपदेश, हालीस नदी ओलांडलीस तर मोठं साम्राज्य लयाला जाईल हा डेल्फीचा दुटप्पी कौल, पेटलेली चिता, सगळं प्रसिद्ध आहे. मला त्यातली एक यादी तेवढी लक्षात राहिली. क्रीससने डेल्फीला सोन्याच्या ११७ विटा पाठवल्या, असं हिरोडोटस लिहितो. त्यांतल्या फक्त चार शुद्ध सोन्याच्या, उरलेल्या पांढऱ्या सोन्याच्या. शिवाय दहा टॅलंट वजनाचा शुद्ध सोन्याचा सिंह. पुढे देवळाला आग लागली तेव्हा तो सिंह पडला, वितळला आणि साडेसहा टॅलंटांचा उरला. दंतकथेत सोनं मोजत नाहीत, त्यामुळे ते कधी घटतही नाही. इथे मात्र शुद्ध किती, मिश्र किती, घट किती, असा सोनाराच्या वहीसारखा हिशोब आहे, आणि त्या हिशोबामुळेच क्रीससच्या काळात काहीतरी बदललं होतं याची खूण पटते. त्याच्याच काळात सिंह आणि बैल समोरासमोर असलेली शुद्ध सोन्याची आणि शुद्ध चांदीची वेगवेगळी नाणी सुरू झाली. म्हणजे कुणीतरी दोन धातू वेगळे करायला शिकलं होतं.

एवढं सोनं त्या ओढ्यातून आलं असेल का? सगळं नाही. लिडियाच्या राजांची संपत्ती पर्गामॉनकडच्या प्रदेशातल्या खाणींतूनही आली, असं स्ट्रॅबोच नोंदवतो, आणि किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांकडून खंडणी येत होती ती वेगळी. इसवी सनाच्या आरंभीच्या काळात लिहिताना स्ट्रॅबो सरळ सांगतो की पॅक्टोलस पूर्वी पुष्कळ सोनं आणायची, आता ते संपलं आहे. ओव्हिड त्याचाच समकालीन. त्याच सुमारास तो शेतांत पिवळी ढेकळं पाहत होता. भूगोलकाराने खातं बंद केलं आणि कवीने चालू ठेवलं. आज फ्रेंच माणूस अचानक हाती आलेल्या घबाडाला ‘पॅक्तोल’ म्हणतो, तेव्हा तो कवीच्या खात्यावरच पैसे काढत असतो. तुर्की माणूस गडगंज श्रीमंतासाठी कुराणातल्या धनाढ्य कारूनच्या नावाने ‘कारूनइतका’ म्हणतो, आणि तुर्कस्तानात क्रीसस आणि कारून एकमेकांत मिसळून गेले आहेत. उशाकजवळच्या लिडियन थडग्यांतून १९६० च्या दशकात चोरीला गेलेला आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९९३ मध्ये परत केलेला ऐवजही तिथे कारूनचा खजिना म्हणूनच ओळखला जातो. त्यातला पंखवाला समुद्री घोडा मायदेशी परतल्यावर पुन्हा चोरीला गेला आणि त्याच्या जागी नकली बसवला गेल्याचं २००६ मध्ये उघड झालं. अस्सल घोडा पुढे जर्मनीत सापडला. लिडियाच्या मुलुखात, कसोटीच्या जन्मगावाशेजारी, नकली सोनं खपून जावं!

भारताचा संबंध ओढूनताणून आणायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण दोन जागा अशा आहेत की टाळता येत नाहीत. हिरोडोटस सांगतो की पर्शियन सम्राटाला भारताकडचा प्रांत वर्षाला ३६० टॅलंट सोन्याची भुकटी देतो, आणि ती भुकटी कुत्र्यापेक्षा लहान, कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या उकरून काढतात. मुंग्यांवर हसण्याआधी महाभारताचं सभापर्व उघडावं. युधिष्ठिराला उत्तरेकडच्या लोकांनी जे सोनं नजराणा म्हणून आणलं, त्याचं नाव ‘पिपीलिक’, मुंग्यांनी काढलेलं. दुसरी जागा विष्णुपुराणात. मेरूजवळच्या जांभळाच्या झाडाची हत्तीएवढी फळं पडून फुटतात, त्यांच्या रसाची नदी होते, आणि काठची माती तो रस पिऊन वाऱ्याने सुकली की तिचं सोनं होतं. तेच जांबूनद. पॅक्टोलसच्या ढेकळांना यापेक्षा जवळचं भावंड मला दुसरं सापडलेलं नाही. फक्त आपल्या नदीला कुणाच्या पापाची गरज लागली नाही. पिकलेली जांभळं पुरली.

नावांविषयी: ग्रीक, तुर्की आणि इंग्रजी उच्चारांत एकाच नावाची तीन-तीन रूपं होतात. मराठीत रुळलेलं रूप असेल तिथे तेच ठेवलं आहे, म्हणून मिडास आणि सायरस. बाकी ठिकाणी वाचकाच्या जिभेला जे सोपं ते.

आता जी जागा मी प्रस्तावनेच्या शेवटासाठी राखून ठेवली होती, तिच्याकडे येतो. हार्वर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांची मोहीम जॉर्ज हान्फमान यांच्या नेतृत्वाखाली १९५८ पासून सार्डिसला खोदकाम करत होती. १९६८ साली पॅक्टोलसच्या पूर्व काठावर, अँड्र्यू रॅमेज काम करत होते त्या भागात, जमिनीत जळकट, वाटीसारखे खड्डे ओळीने दिसू लागले. पाठोपाठ छोट्या भट्ट्या निघाल्या. ही क्रीससच्या काळातली सोनं शुद्ध करण्याची जागा होती. खड्ड्यांत शिशाच्या मदतीने हिणकस धातू जाळून काढत. भट्टीत मातीच्या भांड्यात सोन्याचे पातळ पत्रे मिठाबरोबर थरांनी रचून, सोनं वितळणार नाही इतपत आच देऊन तासन् तास ठेवत. मिठाच्या वाफा चांदीला खाऊन टाकत, चांदी भांड्याच्या आणि विटांच्या मातीत शिरे, पत्र्यात सोनं उरे. मग त्या विटाही फोडून चांदी परत काढत; काही वाया जात नसे. आपल्याकडे ‘आईन-ई-अकबरी’त क्षार आणि कच्च्या विटांच्या भुकटीने सोनं शुद्ध करण्याची ‘सलोनी’ नावाची जी रीत दिली आहे, ती याच घराण्यातली. भट्ट्यांच्या मधोमध सिबेली देवीची वेदी होती, कोपऱ्यांवर दगडी सिंह. कारागीर काम सुरू करण्याआधी तिच्यासमोर काय म्हणत असतील, कोण जाणे.

मिडासच्या हाताची जादू इथे मीठ, शिसं, विटा आणि रात्रभर जागलेली माणसं यांच्यात वाटली गेली होती. त्यांच्यातल्या एकाचंही नाव उरलेलं नाही. उरले ते मातीत सांडलेले सोन्याचे बारीक कण आणि पापुद्र्याएवढे तुकडे. त्यांच्यापायी शास्त्रज्ञ त्या ओढ्याच्या काठी, झारेकऱ्यांसारखेच, माती चाळत बसले.